रादको उपाशी गेला

मी गेलो ते मंगळवारी. मला कळलं बुधवारी सकाळी सव्वासातला, आमच्याच इमारतीच्या दारावर.

आमच्या याम्बोल गावात माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद दारावर लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. एप्रिलपासून मी त्या दाराकडे बघत नाही, खाली मान घालून बाहेर पडतो. त्या दिवशीही तसाच पडलो असतो. पण दुसऱ्या मजल्यावरच्या तोदोर्का आज्जी चष्मा लावून दारातच उभ्या होत्या. त्यांनी वळून मला पाहिलं आणि हातातला दह्याचा डबा सोडून दिला.

"रादको? तू?"

"मीच. कामावर चाललोय. काय झालं?"

"याला अजून माहीतच नाही," असं भिंतीला सांगून आज्जींनी छातीवर तीनदा क्रूस काढला. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई दोन मजले अशी चढली की आमची लिफ्टही चढत नाही.

मी कागद वाचला.

"अत्यंत दुःखाने कळवतो, की आमचा लाडका रादको आम्हाला सोडून गेला. त्याने जन्मभर ओझी वाहिली आणि कधी तक्रार केली नाही. तीन दिवस त्याला कोणी खायला घातलं नाही, म्हणून तो गेला. शोकाकुल: दिल्याना, लोरा, मोमचिल."

दिल्याना माझी मुलगी, अकरा वर्षांची. लोरा आणि मोमचिल तिच्या वर्गातले. रादको मी. आणि रादको नावाचं एक गाढवही आहे, संगणकावरच्या खेळातलं. मेलं होतं ते गाढव. ते आमच्या घरात कसं आलं हे आधी सांगतो, म्हणजे माझ्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळेल.

मुलांचे खेळ हे खातं नेवेनाचं होतं. नेवेना माझी बायको. पोरीने नवा खेळ मागितला की ती आधी स्वतः दोन दिवस खेळून बघायची आणि मग हो किंवा नाही म्हणायची. पुष्कळदा पोरांबरोबर चौथी म्हणून बसायचीही. मी हसायचो. एप्रिलमध्ये ती गेली, आणि हो-नाही म्हणणारं कोणी उरलं नाही. पोरं सरळ गोळीबाराच्या खेळात घुसली. त्या खेळात कुठले कुठले अनोळखी बाप्ये पोरांच्या कानात बोलतात. एका संध्याकाळी दिल्यानाच्या तोंडून मी असा शब्द ऐकला, जो मी स्वतः आयुष्यात एकदाच वापरलाय. लिफ्टचं वजन पायावर पडलं तेव्हा.

तो शब्द दुसऱ्या टोकाला लोराच्या आईनेही ऐकला. रालित्सा तिचं नाव. लगेच फोन आला.

"रादको, हा खेळ बंद झाला नाही, तर लोराचं तुमच्या दिल्यानाशी बोलणं बंद."

आता हे बोलणं साधं नव्हतं. आई गेल्यापासून दिल्याना माझ्याशी दिवसाला नऊ-दहा शब्द बोलते, त्यातले चार "भूक नाही, झोपते आता" हे असतात. पण कानाला ते यंत्र लावून त्या दोघांशी ती तासभर खिदळते. मी भिंतीच्या अलीकडे बसून ते ऐकतो. ते बंद झालं, तर घरात उरलो मी. माझ्याशी कोण खिदळणार.

म्हणून मी ठरवलं, चांगला खेळ मीच शोधायचा. पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. चौदाव्या मजल्यावर अडकलेली माणसं मी सुखरूप खाली आणतो. तीन पोरांसाठी एक खेळ शोधणं म्हणजे काय मोठं?

पहिला आणला स्वयंपाकाचा. सगळ्यांनी मिळून खानावळ चालवायची. प्रेम आणि सहकार्य वाढतं, असं त्यावर छापलं होतं. दहाव्या मिनिटाला मोमचिलने सूप करपवलं, आणि लोरा त्याला जे बोलली ते ऐकून मला गोळीबार बरा वाटला. दुसरा आणला मांजरांचा. त्यातलं मांजर दर पाच मिनिटांनी डोळ्यांत पाणी आणून वडिलांचं बँकेचं कार्ड मागायचं. असल्या मांजराला पोत्यात घालून नदीत सोडायला हवं, आणि ते बनवणाऱ्यालाही.

तिसरा मिळाला शेतीचा. बंदूक नाही, अनोळखी माणूस नाही, आपणच बोलावलेली चार माणसं. गहू पेरा, विहीर खणा, जनावरं सांभाळा. दिवसाला एक तास. मी खूश झालो.

"चौथं कोण?" मी विचारलं.

"आई असायची," दिल्याना म्हणाली.

म्हणून चौथा मी. पोरांनी मला सगळ्यांत सोपं काम दिलं, गाढवाला रोज एकदा चारा घालायचं. नाव मोमचिलने ठेवलं. "काका, हेही सकाळी उठून ओझं उचलतं आणि आल्यावर ओरडतं. याचं नाव रादको." मी रागावलो नाही. त्या गाढवाचं तोंड पाहिल्यावर रागावता येत नव्हतं.

तीन आठवडे बरे गेले. मग ऑक्टोबर आला. या शनिवारी नेवेनाला जाऊन सहा महिने होतात. पहिला कागद दफनवाल्यांनी लिहिला, दुसरा मेहुणीने. तिसरा मी लिहिणार, कोणी हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना ठणकावलं होतं. रविवारी संगणकावर कोरी काळी चौकट उघडली. रविवार, सोमवार, मंगळवार तिच्यासमोर बसलो. "ती चांगली होती" असं लिहिलं आणि खोडलं. चांगलं तर तोदोर्का आज्जींचं मांजरही आहे.

त्या तीन दिवसांत मी गाढवाकडे फिरकलो नाही. आणि खेळ फार सात्त्विक निघाला. कोणी कोणाला गोळी घालत नाही. फक्त ज्याला खायला मिळत नाही तो मरतो.

मंगळवारी मी पाव आणायला खाली गेलो, तेवढ्यात आमच्याकडे जमलेल्या पोरांना संगणकावर ती चौकट तयारच मिळाली. ज्या चौकटीत मला तीन दिवसांत एक ओळ लिहिता आली नाही, ती त्यांनी दहा मिनिटांत भरली.

दारावरचा कागद मी फाडून खिशात कोंबला, संध्याकाळी एकेकाचे कान उपटायचे ठरवलं आणि कामावर गेलो. फोन हत्यारांच्या पेटीत, मी लिफ्टच्या खड्ड्यात. पोरांनी आणखी दोन कागद लावलेत, एक बेकरीवर आणि एक बस थांब्याच्या झाडावर, हे मला माहीत नव्हतं.

पाच वाजता परत आलो तर जिन्यात भरलेल्या मिरच्यांचा वास. आमचं दार उघडं. इमारतीचा कारभार बघणारे गेंचो काका, त्यांच्याकडे सगळ्यांच्या जादा किल्ल्या असतात. आत अकरा माणसं. टेबलावर मिरच्या, चीज भरलेली बानित्सा, उकडलेले गहू, राकियाची बाटली. कोपऱ्यात मेणबत्ती. दिल्याना, लोरा आणि मोमचिल रांगेत बसून जेवत होती.

"पोर दुपारपासून एकच सांगतेय, गाढव मेलं म्हणून," गेंचो काका हळू आवाजात म्हणत होते. "धक्का बसलाय बिचारीला."

"मला सकाळी भेटला," तोदोर्का आज्जी म्हणाल्या. "कामावर चाललोय म्हणाला."

"गेलेली माणसं चाळीस दिवस घराभोवती फिरतातच," कोणीतरी म्हणालं.

"हा बघा, आलाच." आज्जींनी मला दारात पाहिलं. या वेळी घाबरल्या नाहीत. "त्याला बसायला जागा द्या. जेवू द्या पोटभर. उपाशी गेलाय."

"मी मेलेलो नाही," मी म्हणालो. "गाढव मेलंय."

"तेच तर म्हणत होते मी," दिल्याना तोंडात घास ठेवून म्हणाली.

गेंचो काकांनी पुढे होऊन माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला. मग सगळे हसायला लागले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हसताय काय?" मी ओरडलो. "माणूस मेला की मिरच्या भरून आणता. जिवंत होतो तेव्हा कुठे होता? पाच महिने आम्ही बापलेक तळलेली अंडी खातोय. या दाराच्या बेलला एकाने तरी बोट लावलं?"

गेंचो काकांनी हातातला पेला खाली ठेवला.

"मी तीनदा लावलं रे," तोदोर्का आज्जी म्हणाल्या. "वाजतच नाही तुझी बेल."

"मीही आलो होतो, ल्युतेनित्सा चटणीची बरणी घेऊन," गेंचो काका म्हणाले. "वाटलं, तुला नको असेल कोणी. अरे, अख्ख्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, आणि स्वतःची बेल?"

बेल बिघडली नव्हती. नेवेनाच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी तिची तार मीच काढली होती. हे मी तिथे बोललो नाही.

तेवढ्यात रालित्सा उठली. तिच्या हातात माझ्यासाठी आणलेली चार फुलं होती. आमच्याकडे जिवंताला विषम फुलं देतात, मेलेल्याला सम.

"आणि हा तुमचा चांगला खेळ?" ती म्हणाली. "मुलं गावभर मृत्यूचे कागद लावत फिरतायत. लोरा, उठ. पुरे झालं."

लोरा उठली नाही. दिल्यानाने काटा खाली ठेवला.

"कोणी गेलं की कागद लावायचा असतो," ती म्हणाली. "आईचा लावला ना आपण. रादकोचा कोण लावणार होतं? चारा घालणाऱ्याला वेळ नव्हता."

रालित्सा परत खाली बसली. मग तिने मोमचिलला विचारलं, "दुसरं गाढव मिळतं का त्या खेळात?"

"मिळतं. पण रोज चारा घालणारं माणूस लागतं. काका भरवशाचे नाहीत."

"एकदा संधी देऊ त्यांना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "हेही उपाशी मेलं, तर लोरा बंद. ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हणालो.

तिने चारातलं एक फूल काढून गेंचो काकांच्या खिशात खोचलं आणि उरलेली तीन मला दिली. मी बसून पाच मिरच्या खाल्ल्या. राग गेला नव्हता, पण भूकही होती.

नव्या गाढवाचं नाव पोरांनी गेंचो ठेवलंय. काकांना अजून सांगितलेलं नाही.

आज शुक्रवार. गाढवाला चारा घातला. बेलची तार जोडली. दिल्याना मघाशी येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाबा, मी लिहू का आईचा?"

"नको. मी लिहितो."

"उद्या शनिवार आहे."

"माहीत आहे."

ती गेली. आता भिंतीपलीकडून तिघांचा आवाज येतोय, विहिरीवरून भांडतायत. माझ्यासमोर चौकट उघडी आहे. वर नेवेनाचं नाव आहे. त्याखाली अजून काही लिहिलेलं नाही.