उजव्या गुडघ्यावरची निळी फुली

कपबशांच्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासनीस असलेल्या गृहस्थांनी निवृत्तीच्या दिवशी तिथले सर्व काही परत केले. चिनी मातीवर उमटणारी तेलकट निळी पेन्सिल तेवढी खिशातून घरी आली. सदोष वस्तूवर फुली मारायची आणि निर्दोष वस्तूला हातही लावायचा नाही, हे त्यांचे व्रत होते. त्यामुळे घरातला गळका नळ, करकरणारे दार आणि एका पायाने अधू झालेली खुर्ची यांच्यावर निळ्या फुल्या विराजमान होत्या. दुरुस्ती हे त्यांचे खाते नव्हते.

"फुली मारली की ह्यांचं काम संपलं," पत्नी आल्यागेल्याला सांगत असे, "नळ आपला गळतोय."

त्यांचे दुसरे व्रत याहून कडक होते. कारागिराचा हात चालू असताना तपासनिसाने चकार शब्द काढायचा नाही. वस्तू पूर्ण झाली की मगच दोष सांगायचा.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. घरातल्या घरात ते कसेबसे चालत, परंतु जिना म्हटला की त्यांचा चेहरा उतरे. त्यांची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहत असे. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. कमरेच्या दुखण्यामुळे तिला खाली उतरता येत नव्हते, यांना वर चढता येत नव्हते, आणि दीड वर्ष त्या दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. रोज सकाळी फोन होई. एकदा ती सहज म्हणून गेली, "तुझा आवाज आहे तसाच आहे रे. चेहरा मात्र आता नीट आठवत नाही." त्या दिवशी तपासनीस जेवले नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले. सांधे झिजले आहेत. हायलुरॉनिक ॲसिडचे इंजेक्शन देऊन पाहू. लाभ सर्वांनाच होतो असे नाही, आणि झाला तरी काही आठवडे लागतात, असे त्यांनी समजावले. ॲसिड हा शब्द ऐकून पत्नीने पर्स घट्ट धरली. हा दाट, बुळबुळीत पदार्थ आपल्या सांध्यात मुळातच असतो, असे कळल्यावर तिची पकड सैल झाली. डॉक्टर डाव्या गुडघ्याविषयीही काही सांगू पाहत होते, पण तपासनिसांनी त्यांना थांबवले. डावा निर्दोष आहे, तो आपण स्वतः पाहिलेला आहे, असे ते म्हणाले. त्या दिवशी केवळ उजव्याचे ठरले.

इंजेक्शनच्या दिवशी कोणाची चूक होऊ नये म्हणून त्यांनी स्नानोत्तर उजव्या गुडघ्यावर एक ठळक निळी फुली मारली.

दवाखान्याची रीत वेगळी होती. जिथे सुई टोचायची तिथे तिथली माणसे बाण काढत. काही सावध रुग्ण मात्र घरूनच चांगल्या गुडघ्यावर फुली मारून येत. इथे नको, असा तिचा अर्थ. परिचारिकेने विचारले, "काका, कुठला गुडघा?"

"खूण केली आहे," तपासनीस गंभीरपणे म्हणाले. "खुणेवर विश्वास ठेवा."

तिने फुली पाहिली, विश्वास ठेवला आणि डावा गुडघा स्वच्छ पुसून त्यावर बाण काढला. डाव्या पायाला गारवा लागताच तपासनिसांना चूक उमगली. परंतु हात चालू होता. डॉक्टर आले, बाण पाहून त्यांनी डाव्याच बाजूला स्टूल ओढले. तपासनिसांनी ओठ मिटले, डोळे मिटले आणि सुई सोसली.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"पूर्ण झालं?"

"पूर्ण."

"मग आता सांगतो," तपासनीस उठून बसत म्हणाले. "गुडघा चुकला."

परिचारिकेचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी कागद पाहिला, फुली पाहिली आणि खाली मान घालून सांगितले की चूक तिची नाही, आपली आहे. सुई उचलण्यापूर्वी आपण स्वतः विचारायला हवे होते. डावाही झिजलेलाच आहे, त्यामुळे औषध वाया गेले असे नाही, अपायाचीही भीती फारशी नाही. उजव्याचे पुढच्या आठवड्यात करू. मग न राहवून त्यांनी विचारले, "पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचा हात चालू होता."

बाहेर पत्नीला हे कळले. "चौतीस वर्षं," ती म्हणाली, "त्या कारागिरांनी तुम्हाला सोसलं कसं?"

पुढच्या आठवड्यात उजव्यावर बाण निघाला, आणि तो काढून होईपर्यंत पत्नी खोलीतच उभी राहिली.

सहा आठवड्यांनी तपासनीस बहिणीच्या जिन्याशी उभे राहिले. उजव्याची कुरकुर कमी झाली होती, पण संपली नव्हती. त्यांनी डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, अंगाचा भार त्यावर टाकला, आणि ते थबकले. इतकी वर्षे पायरीवर हा भार डावाच उचलत होता. उजवा मोठ्याने ओरडत असे, म्हणून मुकाट्याने कण्हणाऱ्या डाव्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. आज तो कण्हत नव्हता. डावा वर, उजवा मागून. डावा वर, उजवा मागून. तिन्ही मजल्यांवर ते दम घ्यायला थांबले, पण गुडघ्यासाठी एकदाही थांबले नाहीत.

बहिणीने दार उघडले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिले. मग त्यांच्या गालावरून हात फिरवला.

"म्हातारा झालास की रे," ती म्हणाली. "बस. कुठला गुडघा बरा केलास?"

"दोन्ही, ताई. एक ठरवून. एक चुकून."

"चढून कुठल्यानं आलास?"

तपासनिसांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकून केलेल्या," ते म्हणाले, आणि दोन्ही भावंडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी वेणी घालायला आरशापुढे उभी राहिली, तर काचेवर मधोमध एक निळी फुली होती, बरोबर तिच्या नवऱ्याचा चेहरा दिसतो तिथे. आरसा कुठेही तडकलेला नव्हता. तिने फडके उचलले, क्षणभर विचार केला, आणि ते पुन्हा खाली ठेवून दिले.