डाव्या हाताचा चाकू

आबांच्या घरी गेलं की चहाच्या आधी उजवा हात बांधला जायचा. खांद्यावरचा रुमाल काढून ते पाहुण्याचा हात पाठीमागे कमरेशी बांधत, पुढ्यात पाट, कांदा आणि बोटभर पात्याचा चाकू ठेवत. "हं मास्तर, आते काप." तलाठ्यापासून जावयापर्यंत कोणी सुटलं नाही. जावई तर पुढे सासरे शेतात गेल्याची खात्री करूनच येऊ लागले.

आबांना जाऊन दोन महिने झाले. सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावात आमची घरं समोरासमोर आहेत. अंगणातली त्यांची भट्टी अजून तशीच दिसते.

साखर कारखान्यातली फिटरची नोकरी संपली आणि वर्षभरात त्यांच्या बायकोला, आमच्या आक्काला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. आक्काने जन्मभर विळीवर भाजी चिरलेली, आणि विळीला दोन्ही हात लागतात. ती स्वयंपाकघरातून उठून पडवीत येऊन बसली, ती बसलीच. जिभेला काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी स्वयंपाक करता करता दिवसभर आबांवर ओरडणारी ती आता बोलेना.

मग आबांनी भट्टी मांडली. भंगारातल्या जीपच्या स्प्रिंगचा पोलादी कमानपाटा तापवून, ठोकून ते चाकू बनवू लागले. एक लांब झाला, एक टोकदार झाला. एका हाताने कापायला गेलं की कांदा पाटावरून घरंगळायचा. आबा पुढचा चाकू आणखी छोटा करायचे.

"आबा, आते सुई बनाडशात का?" गल्लीतले विचारत.

आबा कानस चालवत राहायचे. "कांदा पळस, म्हनजे चाकू चुकेल शे."

एकदा मी न राहवून म्हणालो, "आबा, भाजी तुम्हीच का चिरून देत नाही?"

कानस थांबली. "मी कापी दिसू रे. पन मंग ती माले वरडी कसाले?" कानस पुन्हा पात्याला लावत म्हणाले, "आते घरमा निस्ता पंखा आयकू येस."

शेवटचा चाकू चंद्रकोरीसारखा होता. बाभळीची मूठ पात्याच्या डोक्यावर बसवलेली. वरून तळहाताने दाबायचं आणि डोलवायचं. त्या सकाळी आबांनी आक्काला हाताला धरून पाटापाशी नेलं. स्वतः दारात येऊन उभे राहिले, मी त्यांच्या मागे. आक्काने डावा हात मुठीवर ठेवला. कांदा जागच्या जागी दोन झाला. मग चार. मग बराच वेळ नुसती पाटावरची टकटक.

आणि आतून आवाज आला, "दारमा काय हुभा ऱ्हायनात? उजेड आडी ऱ्हायना. सरका तथा."

मी पटकन बाजूला झालो. आबा हलले नाहीत. ती दुसऱ्यांदा वरडेपर्यंत तसेच उभे राहिले.