ओनेझिमची टाच

"घे, अगदी नव्यासारखे झालेत," असं म्हणत दुरुस्तीच्या खोलीतल्या म्हाताऱ्या रोझेअरने बुटांची जोडी टेबलावर ठेवली आणि लायनेल थेरियोच्या तोंडचं पाणी पळालं.

नवे सोल, नव्या टाचा, नवी शिवण, वर तेलपाणी. बूट दृष्ट लागावी असे चमकत होते, आणि नेमकं तेच व्हायला नको होतं. थेरियो बूट कंपनीला शनिवारी शंभर वर्षं पूर्ण होणार होती आणि ही होती कंपनीची सगळ्यात जुनी शिल्लक जोडी. ती जशीच्या तशी काचेच्या कपाटात ठेवायची होती.

"रोझेअरकाका, हे कपाटात ठेवायचे होते."

"मग माझ्या टेबलावर कशाला ठेवलेस?"

"टेबल रिकामं दिसलं म्हणून."

"दुरुस्तीच्या टेबलावर ठेवलेला बूट दुरुस्त होतो बाबा. तुझ्या आजोबांचा शब्द आहे तो."

शब्द खरोखरच आजोबांचा होता. आन्सेल्म थेरियो स्वयंपाकघरात बसून नदीतून ओंडके हाकणाऱ्या गड्यांसाठी बूट शिवायचे. एकाच चुलीवर इकडे वाटाण्याचं सूप आणि तिकडे दोऱ्याला लावायचं मेण. सुपाला मेणाचा वास यायचा, पण आजीने कधी तक्रार केली नाही. "सोल झिजला की परत आणा, मी फुकट बसवून देईन," एवढ्या एका बोलावर कंपनी उभी राहिली. आता हे बूट बोस्टनला विकले जातात, चिखल फक्त टीव्हीवर पाहिलेल्या लोकांना. पण अमेरिकेच्या मेन राज्यातल्या आमच्या या गावात दुरुस्तीच्या खोलीत गेलेला बूट कुणी काही न विचारता नवा होऊन येतो. अजूनही.

"जुन्या टाचा कुठायत?"

"भट्टीत. सकाळी थंडी काय पडली होती."

लायनेलने भट्टीचं दार उघडून पाहिलं, आत राखच होती. हे बूट गावातल्या सेसिलमावशीच्या वडिलांचे, ओनेझिमचे. ओंडक्याखाली पाय सापडून ते जन्माचे लंगडे झाले होते, आणि त्या चालीने एका बुटाची टाच तिरपी झिजली होती. ते गेल्यावर मावशीने बूट शेगडीमागे जपून ठेवले. लायनेल मागायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्याकडे आलेला बूट झिजलेला परत गेलाय का रे कधी? म्हणून तर इतकी वर्षं पाठवले नाहीत. पपा आता तेवढ्या टाचेतच उरलेत." टाचेला हात न लावण्याची आईची शपथ घेऊन लायनेलने बूट आणले होते.

"झिजवू या," रोझेअर म्हणाला. "शनिवारला अवकाश आहे. तुझ्या मापाचे आहेत."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मालक नदीच्या चिखलात बूट बुडवून कारखान्याच्या खडीच्या आवारात लंगडत फेऱ्या मारू लागला. कुणी विचारलं तर सांगायची सोय नव्हती, कारण या गावात एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मावशीच्या ओट्यावर पोचतं. मग गावाने आपल्या परीने अर्थ लावला. दुपारी शेजारणी भाजलेल्या बीन्सची भांडी घेऊन आल्या. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये त्याच्या पायासाठी प्रार्थना केली. संध्याकाळी बोस्टनच्या दुकानदाराचा फोन आला.

"तुमचेच बूट घालून तुमचा पाय गेला म्हणे?"

"छे हो, पाय ठणठणीत आहे."

"मग लंगडता कशाला?"

लायनेलने फोन ठेवून दिला. दुकानदाराने पुढची मागणी थांबवली. बायको म्हणाली, "जा आणि मावशीला खरं सांग, नाहीतर कारखान्याला कुलूप लागेल." पण मावशीसमोर जायची त्याची छाती होईना. तो आणखी जोरात लंगडू लागला.

शुक्रवारी डुकराच्या मटणाचं भांडं घेऊन मावशी स्वतःच आजाऱ्याला बघायला आली. फाटकाशीच थबकली. रोझेअर तिला बघून आवारातल्या पिंपामागे सरकला. लायनेल वळला तर समोर मावशी.

"मावशी, चूक झाली. बूट दुरुस्त झाले. टाच गेली."

मावशीने आधी बुटांकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. लायनेलला वाटलं, आता ही ते भांडं माझ्या डोक्यात घालणार.

"डावा," ती म्हणाली.

"काय?"

"पपांचा डावा पाय होता. तू उजव्याने लंगडतोयस, गाढवा."

तिने मटणाचं भांडं पिंपावर ठेवलं. "आणि हात असे लोंबकळत सोडायचे नाहीत. एक हात कंबरेवर. आधी टाच, मग पाय ओढायचा, बघ." ती दोन पावलं चालून दाखवायला गेली आणि मध्येच थांबली. "फाटकापासून परत चाल बघू."

लायनेल चालला. डाव्याने. मावशीने डोळ्यांना पदर लावावा तसा स्कार्फ लावला. "टाच बघत बसले रे इतकी वर्षं," ती म्हणाली. "चाल विसरतच चालले होते. पुन्हा चाल."

शनिवारी पाहुणे जमले, बोस्टनचा दुकानदारही आला. काचेचं कपाट रिकामं होतं. खिडकीतून आवारात कंपनीचा मालक लंगडत चाललेला दिसत होता आणि खुर्चीवर बसून एक म्हातारी ओरडत होती, "डावा, लायनेल, डावा."

"बूट कपाटात कधी ठेवणार?" दुकानदाराने रोझेअरला विचारलं.

"मी कालच विचारलं सेसिलला. म्हणाली, पपा आत्ता कुठे उठून चालायला लागलेत, लगेच कोंडता कशाला त्यांना."