दहाही बोटं

व्हिसा केंद्रातल्या चौथ्या खिडकीत काकूंनी काचेवर बोटं टेकवली आणि यंत्राचा दिवा लाल झाला. बोटं पुसून टेकवली. पुन्हा लाल.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान, निरीक्षककाका, त्या दिव्याकडे डोळे लावून बसले होते. दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. लाल शेरा म्हणजे माल जप्त, एवढंच त्यांना ठाऊक.

"काकू, रेषाच उमटत नाहीयेत," खिडकीतली मुलगी म्हणाली. "चाळीस वर्षं भांडी घासलीत ना?"

"पंचेचाळीस."

"पूर्वी साठीच्या पुढे ठसे माफ होते. गेल्या महिन्यापासून नियम बदललाय, दहाही बोटं लागतात. दहा दिवसांनी या. तोवर पाणी, साबण, घासणी सगळं बंद. तेव्हाही नाही उमटले तर अर्ज बाद."

"आणि माझे?" काका पुटपुटले.

"जोडअर्ज आहे. दोघांचे एकदमच घेऊ."

लेकीचे दिवस भरायला तीन आठवडे उरले होते. जावई जहाजावर. परक्या देशात पोर एकटी. काकांनी घरात शिरताच ताबा घेतला.

"अगं, नळाला हात लावू नकोस!"

"तोंड धुऊ की नको?"

"मी धुतो!"

काकूंच्या हातांत सुती मोजे आले आणि काकांच्या हातात तारेची घासणी. उभ्या जन्मात ज्यांनी कुणाचं माप खरं मानलं नाही, ते पातेल्यावर काय विश्वास ठेवणार? तीन-तीनदा घासायचे, उजेडात धरायचे, पुन्हा घासायचे.

"अहो, भोक पडेल त्याला!"

"तू बोलू नकोस. हात वर धर."

संध्याकाळी भिंग लावून काकूंच्या बोटांची तपासणी. "तर्जनीला दोन रेषा आल्यात. अंगठा अजून कोराच आहे गं!" तेवढ्यात फोन वाजायचा. "आई, येशील ना गं?" लेक रोज तेच विचारायची, आणि काकांना रोज घाम फुटायचा.

दहाव्या दिवशी काकूंची बोटं काचेवर टेकली. हिरवा! दहाही!

काकांनी सुस्कारा सोडला, ऐटीत हात पुढे केला. लाल.

"काका, भांडी घासता का तुम्ही?"

"दहाच दिवस घासली हो!"

"कशानं?"

"तारेच्या घासणीनं," काका म्हणाले, आणि मग खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, "तीन-तीनदा."

मुलीनं कसंबसं हसू आवरलं. "काकूंचा अर्ज सुटा करून आजच पाठवते. तुम्ही पंधरा दिवस हात भिजवू नका, मग या."

निदान पोर एकटी नसेल, या विचारानं काकांचे डोळे भरून आले. घरी सकाळची भांडी तशीच पडली होती.

"दे ते मोजे इकडे," काका म्हणाले. "आता तुझी पाळी."

काकूंनी मोजे काढले, दहाही बोटं उजेडात धरून अगदी काकांसारखी न्याहाळली आणि मोजे परत चढवले.

"अहो, तिकडे विमानतळावर उतरलं की पुन्हा ठसे घेतात म्हणे. तिथे दिवा लाल झाला तर?"

काकांनी आपल्या कोऱ्या बोटांकडे एकदा पाहिलं. मुकाट्यानं बाह्या वर सारून ते नळाकडे वळले.