तीनदा मोजणारे रणपिसेकाका

माझी मुलगी मुग्धा इलेव्हन-प्लसला नापास झाली, त्याच दिवशी दुपारी मी बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, भर हॉलमध्ये, ती पास झाल्याचे पेढे वाटले. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तिला सांगायची गरजच नव्हती. पेढे तिनेच वळले होते.

आणि हे सांगायचं तर रणपिसेकाकांचं सांगावं लागतं, कारण त्या हॉलमधल्या साठ-सत्तर माणसांत पेढा खायच्या आधी तीन जागी मोजणारा माणूस एकच होता.

रणपिसेकाकांच्या शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात त्या जागी जाडी मोजायचा मायक्रोमीटर असे. खडकीला कारखान्यात शिकले, मग बर्मिंगहॅमला येऊन मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कंपनीने त्यांना लवकर घरी बसवलं, पण हाताला ते कळलं नव्हतं. समोर आलेली वस्तू ते आधी मोजत. त्याच्याही आधी मायक्रोमीटर मिटून, त्याचा झीरो बरोबर आहे ना, ते बघत. मग तीन वेगवेगळ्या जागी माप घेत आणि मगच तोंड उघडत. "एका रीडिंगवर बोलू नये," हे त्यांचं पालुपद.

आमच्याकडे जेवायला आले की पहिली पोळी ताटातून उचलून मोजली जाई. "वहिनी, दीड, दोन, दीड मिलिमीटर. मध्ये जरा फुगीर आहे. पास."

"काका, आमटी राहिली मोजायची," माझी बायको संध्या म्हणायची.

"आमटी चाखून. तीन वाट्या लागतील."

हे सगळ्याच बाबतीत. बस उशिरा आली तर कौन्सिलला तक्रारीचं पत्र लिहायचं ठरवत, पण एका बसवरून कसं लिहायचं, म्हणून ती सोडून पुढच्या दोन बसेसची वेळ लिहून घेत आणि स्वतः तासभर उशिरा पोचत. लग्नाची गोष्ट तर ते स्वतःच सांगत. "मुलगी बघायला मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी चहासुद्धा विचारला नाही." त्या काकू आम्ही बर्मिंगहॅमला यायच्या आधीच गेल्या होत्या. एक मुलगा होता, स्कॉटलंडला, तेलाच्या कंपनीत. "फार बिझी असतो," एवढंच काका सांगत. त्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता माझ्याकडे येतो.

इलेव्हन-प्लस म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची परीक्षा. पास झालं तर निवडक मुलांचं ग्रामर स्कूल, नाही तर बाकीच्यांची साधी सरकारी शाळा, कॉम्प्रिहेन्सिव्ह. आमच्या मंडळात त्या वर्षी पाच मुलं बसली होती, आणि पाचांच्याही बापांनी नोकरीधंदा सोडून तोच विषय लावून धरला होता. मुग्धा हुशार. निकाल शनिवारच्या पोस्टाने येणार होता आणि त्याच दुपारी चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये मंडळाचा गुढीपाडवा. सूत्रसंचालन माझं. मी संध्याला शुक्रवारीच पेढे करायला लावले, मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे. "आधी निकाल तर येऊ दे," ती म्हणाली. मी म्हटलं, "आपल्या मुलीवर विश्वास नाही का तुझा?"

शनिवारी पाकीट आलं. त्यात एकच कागद होता, प्रवेशाचे फॉर्म नव्हते.

मुग्धा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी कागदाची घडी केली, खिशात ठेवला आणि म्हणालो, "चल, आवर. उशीर होईल." एवढंच. गाडीत संध्या म्हणाली, "अहो, डबा घरीच ठेवू या ना." मी म्हटलं, "सगळ्यांना सांगून बसलोय." मग आरशातून मागे बघत मुलीला म्हणालो, "कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही. नुसतं हसायचं."

परकर-पोलक्यातली माझी मुलगी डबा घेऊन हॉलभर फिरली आणि नुसती हसली. लोकांनी तिचे गाल ओढले. "वेल डन हं!" "बापाचं नाव काढलंस!" मी माईकजवळून बघत होतो.

ती रणपिसेकाकांपाशी पोचली. काकांनी पेढा उचलला, झीरो बघितला, तीन मापं घेतली. "चौदा, साडेचौदा, चौदा. पास." मग तिला विचारलं, "आणि तू? पास?"

मुग्धा हसली.

"पास झालीस?"

ती परत हसली.

काका खुर्चीतून पुढे वाकले आणि हळूच तिसऱ्यांदा विचारलं. तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे भरून आले.

काकांनी पेढा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. "मी नंतर खाईन हं," म्हणाले आणि तिच्या हातातून डबा काढून घेऊन उरलेले पेढे स्वतः वाटत सुटले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर मुग्धा घरात मुकी झाली. दप्तर पलंगाखाली ढकलून ठेवायची. बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, गणिताच्या तासाला ती पेन्सिल हातात धरते आणि काहीच लिहीत नाही. मी रागावलो नाही, याचाच मला अभिमान होता. जवळ घेतलं नाही, हे ध्यानातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "प्रधान, तुमची मुलगी मला दर शनिवारी पाहिजे. माझे डोळे गेले. मायक्रोमीटरवरचे आकडे वाचून लिहून घ्यायला कुणीतरी हवं."

त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये बिस्किटांचे जुने डबे भरून वॉशर आणि बोल्ट होते. ते मोजायचे. का, ते विचारायचं नाही. मुग्धा आकडे वाचायची, वहीत लिहायची. तिसऱ्या शनिवारी घरी येऊन तिने आपणहून तोंड उघडलं. "आई, काकाची चहा तीन टाइम stir करते तो. Exactly three!" तिचं व्याकरण ऐकून एरवी मी दुरुस्त्या केल्या असत्या. त्या दिवशी गप्प बसलो.

एका शनिवारी मी तिला आणायला लवकर गेलो. शेडचं दार अर्धवट उघडं होतं. आतून तिचा आवाज आला आणि मी बाहेरच थांबलो.

"काका, I failed."

"कितीदा?"

"One time."

"मग? एका रीडिंगवर?"

"पण everybody फक्त one time करतात."

"म्हणजे त्यांचं इन्स्पेक्शन वाईट. मी एका रीडिंगवर साधा नट रिजेक्ट केला नाही कधी. आणि आपण आधी काय बघतो?"

"झीरो."

"त्यांच्या पेपरचा झीरो बघितला होता कुणी?"

मुग्धा हसली. खरं हसली. मग बराच वेळ वॉशर डब्यात पडल्याचेच आवाज येत राहिले.

"बाबा said, नुसती smile कर."

मी दाराआड सरकलो.

"तुझा बाबा घाबरला होता त्या दिवशी. घाबरलेल्या माणसाचं रीडिंग धरायचं नाही. हात कापतो, माप चुकतं."

"तुम्ही कधी चुकला?"

"एकदा. माझा अजय सोळा वर्षांचा होता. ओ-लेव्हलच्या परीक्षेत तीन विषय गेले. मी म्हटलं, मला तोंड दाखवू नकोस."

"मग?"

"मग त्याने ऐकलं."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून ऐकतोय, बाळा. हं, वाच पुढचा आकडा."

मी पाऊल न वाजवता गाडीत जाऊन बसलो. दहा मिनिटांनी हॉर्न वाजवला. काका तिला गाडीपर्यंत सोडायला आले. माझ्या शेजारच्या सीटवर वर्तमानपत्र पडलं होतं. काका खिडकीतूनच त्यातली बारीक अक्षरातली एक जाहिरात वाचून म्हणाले, "अहो, टायर स्वस्त झालेत." चष्मा त्यांच्या खिशात होता.

सप्टेंबरात मुग्धा कॉम्प्रिहेन्सिव्हला जायला लागली. "ग्रामरची बस फार लांब पडते," असं मी मंडळात सांगितलं. पहिल्या दिवशी सकाळी आठला काका दारात हजर, हातात आइस्क्रीमचा जुना डबा. आत त्यांनी स्वतः केलेले पेढे होते, एक चपटा, एक लांबट, एक सुपारीएवढा.

"हे कशाचे, काका?" संध्याने विचारलं.

"शाळेत चाललीय, त्याचे."

मुग्धाने त्यांच्या खिशातून मायक्रोमीटर काढला, झीरो बघितला आणि तीन पेढे मोजले. "अकरा, एकोणीस, सोळा." काका खालमानेने उभे होते. इतका चिंतेत पडलेला इन्स्पेक्टर मी बघितला नव्हता.

"पास," ती म्हणाली, आणि तिन्ही खाल्ले.

काकांना जाऊन आता चार वर्षं झाली. अजयला फोन मीच केला होता. तो आला, पण विधी उरकल्यावर. शेडमध्ये एकटाच बराच वेळ उभा होता. मायक्रोमीटर मुग्धाकडे आहे. ती लीड्सला शिकते, वीस वर्षांची आहे. रविवारी फोन करते, आईशी अर्धा तास बोलते आणि मग विचारते, "बाबा आहे का?" मी फोन घेतो. हवा कशी आहे ते विचारतो. ती सांगते.

त्या दिवसाबद्दल तिने कधी अवाक्षर काढलेलं नाही. काकांनी माझ्या वतीने एक कारण देऊन ठेवलं आहे, घाबरल्याचं, आणि मी इतकी वर्षं त्याच्या आडोशाला राहिलो.

नापास ती झाली होती, पण खोटं मी बोललो आणि ते तिला हॉलभर वाहायला लावलं. याची माफी मी मुग्धाकडे अजून मागितलेली नाही. ती मागायची आहे.