अकराव्या पानावरचा खुनी

ताईचं पत्र टेबलावर कधीपासून पडून होतं. दुरुस्तीकाका रोज त्यावर चहाचा कप ठेवत, म्हणजे अक्षर दिसायला नको. पत्र तसं सोपं होतं. ताईच्या शेजारची तळमजल्यावरची जागा रिकामी झाली होती. 'बायकोच्या गुडघ्यांचा विचार कर आणि इकडे या. पुस्तकं मात्र एका कपाटात मावतील एवढीच आण. हो की नाही ते कळव.'

नाही म्हणावं, तर जिना चढताना काकू प्रत्येक वळणावर थांबून कठड्याशी बोलत. हो म्हणावं, तर पुस्तकं इतकी, की पाहुण्याला बसायचं झालं तर आधी एखादा ज्ञानकोश मांडीवर घ्यावा लागे. काकांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. दुसऱ्याच्या चुका काढायला हात सरावलेला, पण स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की हातपाय गळत. तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी घर विकलं जाऊ दे, मग उत्तर लिहू. घर विकलं जाणार नाही, याची त्यांना मनातून खात्री होती.

पण काकूंनी दलाल आणला! तो उंबऱ्यातूनच म्हणाला, की या घराला आंघोळ घालून, पावडर लावून असं उभं करतो, की गिऱ्हाईक पाहताक्षणी होकार देईल. अट एकच. पुस्तकं दिसता कामा नयेत, आणि गिऱ्हाइकासमोर पुस्तकांचं नावसुद्धा काढायचं नाही. एवढी पुस्तकं पाहिली की लोकांना वाळवीच आठवते.

मग पुस्तकांचे गठ्ठे शेजाऱ्यांकडे गेले. भिंतींना रंग लागला, फरशी फिनेलने घासली गेली, दिवाणावर पांढरीशुभ्र चादर आली. खोली इतकी स्वच्छ झाली, की काका आत जाताना दार वाजवू लागले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. पेन्सिलीशिवाय त्यांना वाचता येत नसे. रहस्यकथेत खुनी सापडला, की तो जिथे पहिल्यांदा येतो त्या पानावर ते बाण काढून 'हाच तो' असं लिहून ठेवत. आणि घरात आयती पुस्तकं आल्यावर शेजारी वाचायला लागले होते.

रविवारी गिऱ्हाईक आलं. चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि त्याची बायको. दुसऱ्या मजल्यावर नर्सबाई समोरच्या शिंप्याशी दारातूनच बोलत होत्या.

"खून डॉक्टरनेच केलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वरच्या काकांना पहिल्यापासून माहीत होतं. माझी सगळी मजाच गेली."

चष्मेवाला वर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, पण ती जिन्यामुळे नव्हती. त्याने ओला रंग पाहिला. फिनेलचा वास घेतला. त्याची बायको दिवाणावर टेकली, आणि चादर का घातली असेल हे मनात येताच उठली.

"इथे आधी बरंच काही असेल?" त्याने विचारलं.

काकांना दलालाची अट आठवली. "होतं. पण परवाच सगळं हलवलं."

"एकट्याने?"

"छे, या वयात? शेजाऱ्यांनी थोडं थोडं वाटून घेतलं. एकाच्या घरात मावलं नसतं."

स्वयंपाकघरातून काकूंनी भर घातली. "कितीदा सांगितलं यांना, घरात साठवू नका म्हणून. पावसाळ्यात कुबट वास सुटतो."

दलाल खोकत राहिला. चष्मेवाल्याने बायकोचा हात धरला आणि दोघं दाराकडे सरकू लागली. काकूंनी ते पाहिलं. त्या जिन्याकडे बघत गुडघा चोळू लागल्या.

काका चार माणसांत कधी आवाज चढवत नसत. आज चढला.

"थांबा. मी कबूल करतो."

चष्मेवाल्याची बायको किंचाळणारच होती.

"पुस्तकं होती. सगळी माझीच."

तेवढ्यात नर्सबाई हातात कादंबरी घेऊन तरातरा वर आल्या. अकरावं पान उघडून त्यांनी काकांच्या नाकासमोर धरलं आणि असं करणाऱ्या माणसाला पेन्सिल विकायलाच बंदी हवी, असं ठणकावलं. चष्मेवाल्याच्या बायकोने मान वळवून वाचलं, 'हाच तो. नाडी बघताना नजर चुकवतो.' मग ती इतकी हसली, की पुन्हा त्याच दिवाणावर बसली.

घर त्यांनी घेतलं. शेजाऱ्यांनी मात्र जाडजूड ग्रंथ तेवढे परत केले, बाकीची पुस्तकं द्यायला साफ नकार दिला. चष्मेवाल्याच्या बायकोनेही, खुणा खोडून देणार असाल तर एक कपाटभर आम्हालाही ठेवा, म्हणून सांगितलं.

काकांनी एकाच बैठकीत उत्तर लिहिलं. 'हो, येतो. पुस्तकं एका कपाटात मावतील.' काकू कठडा धरत धरत पत्रपेटीपर्यंत सोबत आल्या.

"अहो, एक विचारू? बांधाबांधीत भांड्यांची एवढी खोकी कशी झाली? आपण तर दोघंच जेवतो. आणि ती हमालालासुद्धा उचलत नाहीत."

काकांनी घाईघाईने पत्र पेटीत टाकलं.