काचेतले पाहुणे

"अफगाणी हॉटेलात कसं बसायचं, कसं खायचं, ते सगळं माझ्यावर सोडा!" आत्याने शुक्रवारीच जाहीर करून टाकलं होतं.

आत्याने चौतीस वर्षं ग्रंथालयात काढली होती आणि प्रवासवर्णनांचं कपाट नेमकं तिच्या खुर्चीमागे होतं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही देशात आपण डोळे मिटून वावरू शकतो, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात दोन बस बदलाव्या लागतील अशा ठिकाणीही ती कधी एकटी गेली नव्हती!

बाबांच्या लेकीने आत्याशी वाद घातला नाही. बाबांनी चार घास खावेत, एवढंच तिला हवं होतं. आई जाऊन सात महिने झाले होते आणि बाबांचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. पानावर बसायचे, भात चिवडायचे आणि "झालं माझं" म्हणून उठायचे. असंच चाललं तर दवाखान्यात दाखल करून नळीने भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. त्यावर बाबा म्हणाले होते, "बरंय. चावायचा त्रास वाचेल."

शनिवारी दुपारी तिघं त्या नव्याने उघडलेल्या हॉटेलात शिरली. आत बारा टेबलं आणि गिऱ्हाईक एकही नाही! चष्मा लावलेला सडपातळ मालक छातीवर हात ठेवून असा वाकला, की लेकीला वाटलं, आपल्या मागून कोणी राजदूत येतो आहे. तिने वळूनही पाहिलं.

मालकाने टेबलाकडे हात केला. पण आत्याची नजर भलतीकडेच खिळली होती. दर्शनी काचेला लागून गुडघाभर उंच चौथरा. त्यावर डाळिंबी रंगाचा गालिचा, लोड, चहा उकळायचा पितळेचा नक्षीदार समोवार आणि सुक्या मेव्याने भरलेली परात!

"खुर्च्या उपऱ्यांसाठी असतात," आत्या कुजबुजली. "खरा पाहुणा गालिच्यावर बसतो. चपला काढा!"

मालकाचं तोंड उघडलं आणि मिटलं. तोवर आत्या एक गुडघा टेकवून चौथऱ्यावर चढली होती आणि धक्क्याला लागलेल्या बोटीसारखी डुलत डुलत लोडाला टेकली होती. मालकाने एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग हात पुन्हा छातीवर गेला.

"घर तुमचंच आहे," तो म्हणाला.

लेकीला शंका आली ती समोवारातून विजेची वायर निघालेली पाहून. त्याच्या पोटात चहा नव्हता, दिवा होता!

"दादा, अंजीर घे," आत्याने परातीत हात घातला. अंजीर हलेना. तिने जोर लावला, तेव्हा अंजिराबरोबर अख्खी परात उचलली गेली!

"बघ किती चिकट. उत्तम अंजिराची हीच खूण."

"अगं, डिंक आहे तो," बाबा म्हणाले.

मालक धावत आला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याने परात काढून घेतली आणि मिनिटभरात खऱ्या अंजिरांची, अक्रोडांची बशी आणून ठेवली. जणू काही पाहुण्यांना आधी खोटी फळं दाखवायची त्यांच्याकडे रीतच होती!

"आत्या," लेक दबक्या आवाजात म्हणाली, "आपण शोकेसमध्ये बसलोय."

"मला माहीत आहे!"

"मग उठूया ना!"

"वेडी आहेस का? आत्ता उठलो तर आपल्याला कळलं, असं त्यांना कळेल!"

या युक्तिवादावर लेक विचार करत होती, एवढ्यात नान आला. तान्ह्या बाळाला आणावं तसा मालकाने तो दोन्ही हातांवर आणला. लांबलचक, खाचाखाचांचा, वर काळे तीळ. बाबांनी तो उचलला आणि काचेतून येणाऱ्या उजेडापुढे धरला. चाळीस वर्षं त्यांनी कापडाच्या दुकानात काढली होती. उजेडात धरल्याशिवाय कुठलाही माल त्यांनी कधी पसंत केला नव्हता.

"पाऊण मीटर भरेल," ते म्हणाले. "आणि वीण बघ काय सुरेख आहे."

सात महिन्यांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते.

मग काबुली पुलाव आला. आला म्हणजे काय, अवतरला! लांब दाण्यांचा बदामी भात, त्यावर गाजराच्या तांबूस काड्या, टपोरे बेदाणे आणि वरून उठणारी वाफ. आत्यासारखी आत्या, पण तिलाही यावर वाचलेलं काही आठवेना! मटण कुठे दिसत नव्हतं. ते भाताच्या पोटात दडलेलं असतं, असं मालकाने सांगितलं तेव्हा बाबांनी "अस्सं?" म्हणून चमचा उचलला.

नेमकी तेव्हाच एक बाई पिशवी सावरत काचेबाहेर थांबली. तिच्यामागे दोन विद्यार्थी. मग एक पोस्टमन.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "मी नाही खात. लोक बघताहेत."

लेकीचा चेहरा पडला. तिकडे बाहेरच्या बाईचाही चेहरा पडला आणि ती जायला वळली. हे बाबांनी पाहिलं. गिऱ्हाईक काचेपाशी थांबावं आणि परत फिरावं? चाळीस वर्षांत त्यांनी असं होऊ दिलं नव्हतं!

त्यांनी पाठ ताठ केली. भाताचा डोंगर एका बाजूने उघडला, असा की वाफेने काच क्षणभर धुरकटली. आतून मटणाचा तुकडा काढला, कापडाचा पोत दाखवावा तसा जरा फिरवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. जाता जाता मागे बघणारी बाई गर्रकन वळली. दार वाजलं.

"एक," बाबा पुटपुटले.

"बाबा, खरंच आवडलंय, की नुसतं दाखवायला?"

"खोटं खाऊन गिऱ्हाईक आत येत नसतं. काच आहे ती. सगळं दिसतं."

मग तोंड आणि दार दोन्ही चालू राहिलं. विद्यार्थी आले. "तीन." पोस्टमन टपालाची थैली घेऊनच आला. "दादा, आता कबाब!" आत्या सेनापतीसारखी हुकूम सोडू लागली. बाहेर एका चिमुरडीने काचेला नाक लावून "आई, हा पुतळा जेवतो!" असा पुकारा केला, तेव्हा तर चार घरची माणसं आत शिरली. प्रत्येक टेबलावरून एकच ऑर्डर: "त्या आजोबांपुढे आहे ते!" मालक भिंगरीसारखा फिरत होता. गडबडीत कोणाच्या तरी पुढे ती डिंकाची परातही गेली!

लेक घास मोजत होती. कधीतरी मोजायची राहून गेली.

"तुझ्या आईने बघायला हवा होता हा भात," बाबा मधेच म्हणाले. "कृती विचारून विचारून त्या माणसाला फेस आणला असता."

आईचा विषय त्यांनी आपणहून काढण्याची ही पहिलीच वेळ होती. लेक समोवारातल्या दिव्याकडे बघत राहिली. आत्याने नानचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

ताट लख्ख झालं. बाबांनी बोटं पुसली, इकडेतिकडे पाहिलं आणि जरा लाजत म्हणाले, "अजून थोडा भात मिळेल का गं?"

लेक अनवाणीच पळाली! खुर्च्यांना ठेचकाळत ती मालकापाशी पोचली. "भात! बाबांनी भात मागितलाय! स्वतःहून!"

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"संपला," तो म्हणाला.

"थोडासा? चमचाभर?"

त्याने पातेलं तिरकं करून दाखवलं. त्यात फक्त लेकीचा चेहरा दिसत होता. पाहुण्याने मागावं आणि आपल्याकडे नसावं! तो स्वतः चौथऱ्यापाशी आला आणि मान खाली घालून उभा राहिला. हात छातीवर गेला, तो खाली येईना.

बाबांनी बाराही टेबलांवरून सावकाश नजर फिरवली. बाराही टेबलं मन लावून भात खात होती.

"सगळा माल गेला?"

"सगळा."

बाबांच्या तोंडावर अभिमान आला आणि पाठोपाठ भूकही आली. दोन्ही त्यांना लपवता आली नाहीत.

"मग उद्या येतो," ते चपला शोधत म्हणाले. "पण आधी आत टेबलावर बसून पोटभर जेवतो. आणि मग इथे काचेत बसतो, गिऱ्हाइकांसाठी जेवायला!"